वरून ओतलेलं पाणी

माझी आजी दुसरीपर्यंत शिकली. शाळेतलं काय आठवतं म्हणून विचारलं तर ती बाराखडी सांगत नाही, दूध सांगते. मोठ्या पातेल्यात भुकटीचं दूध कालवायचे. भुकटीच्या डब्यावर इंग्रजी अक्षरं. मास्तर म्हणायचे, हे परदेशातून आलंय, सांडू नका. गावातली पोरं पेला पुढं करायची, त्यांना जवळून वाढायचे. आमच्या वस्तीतली पोरं भिंतीकडं वेगळ्या ओळीत. त्यांच्या भांड्यात हातभर उंचीवरून धार सोडायची. आजी म्हणते, "दूध गोड होतं रं, पण निम्मं भुईवर जायचं."

ही धार डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसलो. परवा आपल्या बैठकीत वाद झाला. एका मित्राचं म्हणणं, परदेशी मदत म्हणजे साम्राज्यवाद्यांचा गळ, तिला हात लावायचा नाही. दुसऱ्याचं म्हणणं, इथल्या सवर्णांनी जे हजारो वर्षं दिलं नाही ते गोऱ्या मिशनऱ्यानं दिलं, मग नाकं कशाला मुरडायची? दोघंही खरं बोलत होते. पण दोघांच्याही हातात अर्धीच भाकर होती. मी सूतगिरणीत रिंगखात्यात काम करतो. पदवीबिदवी नाही. रात्रपाळी सुटली की वाचनालयात बसतो, झोप येते तोवर वाचतो. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

मराठी मुलखात शाळांसाठी परदेशी पैसा यायला लागला त्याला दोनशे वर्षं होऊन गेली. त्यातला एक मोठा ओघ बोस्टनचा. तिथल्या अमेरिकन बोर्ड नावाच्या संस्थेचे मिशनरी १८१३ साली मुंबईला उतरले. पुढं नगरला त्यांनी बस्तान बसवलं. १८२७ साली सिंथिया फरार नावाची एक अविवाहित बाई मुंबईला आली, १८३९ ला नगरला गेली आणि १८६२ ला तिथंच वारली. आयुष्य मुलींच्या शाळांत घातलं. जोतीराव फुले स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांनी नगरची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात आपली शाळा काढली. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षण नगरला फरारबाईंकडं झालं असं त्यांची चरित्रं सांगतात.

आता पुढचं नीट बघा. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, मांगाची पोर. तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. 'ज्ञानोदय' कुणाचा? अमेरिकन मिशनचा. १८४२ ला नगरहून निघालेला. म्हणजे आपल्या पोरीचा छापलेला एवढा जुना शब्द परदेशी पैशाच्या कागदावर आहे. हे लपवायचं कारण नाही. आज आपण स्टेन्सिल कापून, हाताला शाई लावून हे पान काढतो, तेव्हा तिची आठवण ठेवावी. आणि पुण्यात त्या काळी दुसरी पत्रं निघत नव्हती असंही नाही.

त्याच सुमारास इथलं सरकार काय करत होतं? १८५६ साली धारवाडला एका महार मुलानं सरकारी शाळेत नाव घालायला अर्ज केला. मुंबई सरकारनं तो फेटाळला. एका पोराला आत घेतलं तर बाकीचे निघून जातील, शाळा ओस पडेल, असा हिशेब. हे बाबासाहेबांनीही नोंदवून ठेवलंय. शाळा सरकारी, पैसा रयतेचा, आणि दार बंद. मग मिशनच्या दाराशी गेलेल्या आपल्या पणज्याला नावं ठेवायचा हक्क कुणाला आहे?

पण मिशनची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आपण भाट झालो. त्यांना ख्रिस्ती करायचे होते. ते त्यांनी लपवलंही नव्हतं. आणि पैशाची तोटी बोस्टनला होती. १८३७ साली अमेरिकेत मंदी आली, बँका बुडाल्या, बोर्डानं रकमा कापल्या. तिकडं सिलोनमध्ये जाफन्याला त्याच मिशनच्या शाळा बंद पडल्या, पोरं घरी गेली. त्या पोरांनी न्यूयॉर्कची बँक बघितली नव्हती. मग १८५४-५५ ला बोर्डाचे चिटणीस अँडरसन हिंदुस्थानात पाहणीला आले. इंग्रजी शिकवून पोरं नोकऱ्या धरतात, धर्मप्रचाराला उपयोग होत नाही, तेव्हा देशी भाषेत उपदेश करा, असं त्यांचं मत. त्यानंतर मिशननं इंग्रजी शाळांवरचा हात आखडला. इंग्रजी हवी की नको हे नगरच्या महार पोराला कोणी विचारलं? त्याला तर इंग्रजीच हवी होती. नोकरी तिच्यात होती, गावकीतनं सुटका तिच्यात होती.

फुले मात्र या तोटीखाली ओंजळ धरून बसले नाहीत. मिशनकडून शाळा चालवायची रीत घेतली, धर्म घेतला नाही. आणि १८८२ ला हंटर आयोगापुढं निवेदन दिलं तेव्हा त्यांनी विलायतेकडं दान मागितलं नाही, हिशेब मागितला. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गावर होतो, हा त्यांचा मुद्दा. वरच्यांना शिकवा, मग विद्या झिरपत खाली जाईल, या सरकारी सिद्धांताची त्यांनी सालटी काढली. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणाले. मला वाटतं आपल्या बैठकीतल्या वादाची मेख इथं आहे. पैसा कुठनं आला हा पहिला प्रश्न. तो कुणाच्या अंगणात पडला हा दुसरा. आपण पहिल्यावर भांडतो आणि दुसरा विसरतो.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मदत आली ती बघा कुठं पडली. १९५८ ला पवईला आय.आय.टी. उभी राहिली, युनेस्को आणि सोव्हिएत रशियाच्या मदतीनं. कानपूरला अमेरिका, मद्रासला पश्चिम जर्मनी, दिल्लीला इंग्लंड. भांडवलशाही काय, समाजवाद काय, दोघांनीही वरच्या मजल्यावरच यंत्रं उतरवली. खालच्या शाळेला फळा नव्हता. त्या आय.आय.टी.त अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा मिळाल्या १९७३ साली. पंधरा वर्षं रशियन यंत्रं फिरत होती आणि आपल्या पोराला गेट बंद होतं. यंत्र मॉस्कोनं दिलं. जागा संविधानामुळं मिळाली.

अमेरिकेच्या पी.एल. ४८० चा गहू तर आपल्या आज्यांनी दळलेला. त्या गव्हाचे रुपये साचले. त्यातल्या काही रुपयांतून १९६२ पासून अमेरिकेनं इथली पुस्तकं विकत घेऊन आपल्या ग्रंथालयांत नेली. इथल्या वाचनालयातून गहाळ झालेलं मराठी पुस्तक तिकडं शिकागोला शाबूत सापडू शकतं. मदत कोण कुणाला करतो, हे कधी कधी कळेनासं होतं.

आता आफ्रिकेकडं चला. आपण काळ्या पँथरांची नावं घेतो, पण आफ्रिकेतल्या शाळांचं आपल्याला काही ठाऊक नसतं. आणि या प्रश्नाचं खरं रणांगण तिथं आहे.

टांझानिया. ज्युलियस न्येरेरे, स्वतः मास्तर होते. १९६७ साली त्यांनी अरुशाचा जाहीरनामा काढला. परक्याच्या देणग्या-कर्जांवर देश उभारायला जाल तर स्वातंत्र्य गहाण पडेल, असा इशारा त्यात आहे. त्याच वर्षी शिक्षणावर पुस्तिका लिहिली. १९७४ ला मुसोमाच्या ठरावानं सगळ्या पोरांना प्राथमिक शिक्षण द्यायचं ठरवलं. भाषा स्वाहिली, लोकांची. १९८० च्या सुमाराला शाळेत जाणाऱ्यांचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या घरात गेलं. गरीब देशानं हे केलं. परदेशी मदत त्यालाही होती, स्वीडनसारख्यांची, पण लगाम आपल्या हातात ठेवून.

मग घसरण. तेल महागलं, इदी अमीनशी १९७८-७९ ला युद्ध झालं, तिजोरी रिकामी. नाणेनिधी अटी घालत होता. न्येरेरे शेवटपर्यंत वाकले नाहीत. १९८५ ला ते पायउतार झाले, १९८६ ला नव्या सरकारनं करार केला. खर्च कापा, शाळा-दवाखान्याचा भार लोकांवर टाका, असा तो काळ होता. जागतिक बँकेचे विद्वान तेव्हा फी घेण्याची शास्त्रशुद्ध कारणं सांगत होते. शाळांत फी परत आली. नव्वदच्या दशकात पटाचं प्रमाण सत्तरीच्या आसपास घसरलं. कुणाची पोरं गळाली असतील ते मी सांगायला नको. आणि त्यातल्या मुली किती असतील तेही.

पुढचा भाग वाचताना मला हसू आलं, रागही आला. २००० साली खुद्द अमेरिकेच्या काँग्रेसनं कायदा केला की प्राथमिक शाळेत फी लावणाऱ्या बँकेच्या कर्जांना अमेरिकेनं विरोध करावा. टांझानियाला कर्जमाफी मिळाली, २००१ ला फी रद्द झाली, आणि त्या कार्यक्रमाला पैसा द्यायला तीच जागतिक बँक पुढं! फी लावायलाही मदत, फी काढायलाही मदत. मधल्या पंधरा वर्षांत जी पिढी गुरं राखायला गेली तिचं काय, हे कुठल्याच अहवालात लिहीत नाहीत.

पण खोटं बोलायचं नाही. फी गेल्यावर काय झालं ते आकडे बोलतात. २००१ ला पटावर ४८ लाखांच्या आसपास पोरं होती, २००५ ला ७५ लाख. शेजारी केनियानं २००३ ला फी काढली. २००४ साली किमानी मरुगे नावाचा म्हातारा, माऊ माऊ लढ्यात लढलेला, ८४ व्या वर्षी पाटी घेऊन पहिलीत बसला. म्हणजे परदेशी पैशानं आणि कर्जमाफीनं दार उघडतं. हे खरं आहे. आत गेल्यावर मात्र कित्येक शाळांत एका मास्तरापुढं शंभर-शंभर पोरं. पट वाढला, शिकणं वाढलं का? आमच्याकडं पाळी सुटताना फळ्यावर किलो लिहितात. सूत कसं निघालं ते पुढं मागावर कळतं.

केनियाचीच आणखी एक गोष्ट. पश्चिमेला बुसिया भागात नव्वदच्या दशकात एका डच संस्थेनं शाळांना पाठ्यपुस्तकं वाटली. पुस्तक नसलेल्या पोराला पुस्तक दिलं की तो शिकणार, यात चूक काय? अभ्यासकांनी नीट मोजणी केली. सरासरी गुण हलले नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढं असलेल्या पोरांना. कारण पुस्तकं इंग्रजीत. घरी एक बोली, बाजारात स्वाहिली, आणि पुस्तक तिसऱ्याच भाषेत. दान बरोबर, गाडी बरोबर, पत्ता चुकला. हे वाचताना मला माझी पाचवी आठवली. धड्यातला वाडा, धड्यातलं तुळशीवृंदावन, धड्यातली आई "अहो" म्हणणारी. पुस्तक मराठीच होतं, पण माझ्या घरची मराठी नव्हती. तेव्हा इंग्रजी पुस्तकापुढं बसलेल्या त्या पोराचं तोंड मला दिसतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट युगांडाची. कार्यकर्त्यांनी ती पाठ करावी. युगांडाचं सरकार त्या काळात मोठ्या प्रमाणावर परदेशी मदतीवर चालायचं. दर पोरामागं ठरावीक रक्कम सरकार शाळांसाठी सोडायचं. कागदावर सगळं चोख. पण शाळा सुधारत नव्हत्या. १९९६ साली २५० शाळांत जाऊन विचारलं, बाबांनो, १९९१ ते १९९५ मध्ये तुमच्या हातात काय आलं? उत्तर निघालं: शंभरातले तेरा. सरासरीनं तेरा! निम्म्याहून जास्त शाळांना तर काहीच नाही. बाकीचे मधल्या जिल्हा कचेऱ्यांत जिरले. आणि ते तेरा तरी सारखे वाटले गेले का? नाही. ज्या गावचे पालक बऱ्या परिस्थितीतले, कचेरीत जाऊन आवाज चढवू शकणारे, त्यांच्या शाळेला जास्त; गरिबांच्या शाळेला शून्य. आजीच्या पातेल्यासारखंच. दूध न्यूझीलंडचं असो की डेन्मार्कचं, वाढपी गावचा आहे.

मग युगांडा सरकारनं एक साधी गोष्ट केली. कोणत्या जिल्ह्याला किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रात छापायला लागले. शाळेच्या भिंतीवर नोटीस लावायची सक्ती केली. काही वर्षांत तेराचे ऐंशीच्या वर गेले. काही अभ्यासक म्हणतात नुसत्या वर्तमानपत्रानं हे झालं नाही, हिशेबाची सगळी पद्धतच त्या काळात बदलली. असेल. पण आकडा भिंतीवर आला हे कुणी नाकारत नाही.

आता घरी या. प्राथमिक शिक्षणाला परदेशी पैसा घ्यायचा नाही असं आपल्या सरकारचं बरीच वर्षं धोरण होतं. ऐंशीच्या दशकात ते सैल झालं, १९९१ ला परकीय चलन संपल्यावर सुटलंच. राजस्थानात १९९२ ला 'लोक जुंबिश' सुरू झाली. निम्मा खर्च स्वीडनचा. कोणत्या घरचं पोर शाळेत जात नाही याचा नकाशा गावातल्याच माणसांनी काढायचा, असं चांगलं काम. मे १९९८ ला पोखरणला अणुस्फोट झाला आणि स्वीडननं मदत थांबवली. पोखरण राजस्थानातच. बाँब दिल्लीनं फोडला, शिक्षा तिथल्याच खेड्यातल्या शाळांना. १८३७ चं जाफना आठवा. दीडशे वर्षांत तोटीची जागा बदलली, तोटी परक्याच्याच हातात. २०२५ ला अमेरिकेनं यूएसएड हे आपलं मदत खातंच मोडीत काढलं. जगभरच्या शाळांचे कार्यक्रम एका सहीनं अडले.

आपल्याकडं जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला १९९४ ला, जागतिक बँकेच्या कर्जावर. दान नव्हे, कर्ज. फेडायचं आपल्या पोरांनी. महाराष्ट्रातले पहिले जिल्हे कोणते? औरंगाबाद, नांदेड, परभणी, लातूर, उस्मानाबाद. मराठवाडा! आणि साल १९९४. त्याच वर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. १९७८ ला ठराव झाला, त्यानंतर घरं जळाली, माणसं मेली, सोळा वर्षं लाँग मार्च आणि तुरुंग झाले, तेव्हा एक नाव लागलं, तेही अर्धं. ज्या गावांनी त्या नावासाठी आमच्या वस्त्या पेटवल्या, त्याच गावांत बँकेच्या पैशानं वर्गखोल्या उभ्या राहिल्या. खोल्या झाल्या, प्रशिक्षणं झाली, पट वाढला, मान्य. पण पोर कुठं बसतं, पाणी कोण पाजतं, पोषण आहार कोण शिजवतो, हे बँकेच्या रकान्यात नव्हतं. कर्जात मिळणारी ती वस्तूच नव्हे.

त्याच सुमारास देशभर कमी पगाराचे मास्तर नेमण्याची साथ आली. मध्य प्रदेशात गुरुजी, आपल्याकडं २००० पासून शिक्षणसेवक, महिना ३,००० मानधन, आणि वाड्या-तांड्यांवर वस्तीशाळा, तिथं निमशिक्षक. 'निम' शब्द बघा. बँकेनं हुकूम काढला असं मी म्हणत नाही. पण खर्च आवरायची हवा तीच होती. आणि निमशिक्षक कुठं? जिथं पोरं आमची, पारध्यांची, बंजाऱ्यांची. आमच्यातली शिकलेली पोरंच शिक्षणसेवक झाली, त्यामुळं बोलायचीही चोरी. आरक्षणातनं नोकरी मिळायची वेळ आली तेव्हा नोकरीच निम झाली.

आणि एवढं सगळं रामायण ज्या परदेशी पैशावरून, तो होता किती? देशाच्या एकूण प्राथमिक शिक्षणाच्या खर्चात त्याचा वाटा कधीच मोठा नव्हता. २००४ ला केंद्रानं २ टक्के शिक्षण उपकर बसवला. तो एक्साईजवरही होता. म्हणजे साबणाच्या वडीवर, चपलेच्या जोडावर आजीनंही भरला. २०२० च्या 'स्टार्स' योजनेत महाराष्ट्रासह सहा राज्यं होती, बँकेचं कर्ज ५० कोटी डॉलर. ऐकायला डोंगर, पण राज्यांच्या शिक्षणखर्चापुढं ढेकूळ. पैसा आपलाच आहे, दोस्तहो. बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना सरकारकडून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू करून घेतली, १९४४ साली. ती भीक म्हणून मागितली नव्हती. आजही ती वेळेवर मिळत नाही म्हणून पोरं कॉलेज सोडतात, त्यावर मात्र आपल्या बैठकीत त्या दिवशी कोणी बोललं नाही. आपण साम्राज्यवादावर बोलत होतो.

युगांडाचं वाचल्यावर मी आणि वस्तीतली दोन पोरं आमच्या वस्तीजवळच्या शाळेत गेलो. वर्षाचं अनुदान किती आलं, कशावर गेलं विचारलं. हेडमास्तर म्हणाले, तुम्ही कोण? आम्ही म्हणालो, पालक. कायद्यानं व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. ते म्हणाले समिती आहे. आहे खरी. तिच्यावर माझ्या चुलतीचं नाव आहे. तिला ते माहीत नव्हतं, सही कुणी केली तेही नाही. मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. महिन्यावर दिवस गेल्यावर कागद आला. त्यातले आकडे आम्ही समाजमंदिराच्या बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिले: इतके आले, इतके रंगावर, इतके दुरुस्तीवर. दुरुस्त झालेली मुतारी दाखवा असं पोरांनी खाली जोडलं. सकाळी पाळीवरून आलो तर फळा कोरडा, स्वच्छ पुसलेला. चुलती बाहेर उभी होती. म्हणाली, "कागद आण. अन् या टायमाला तेलाच्या रंगानं लिव्ह."